वेळापत्रक विकून वेळ खाणाऱ्यास

प्रति,
डेस्कटॉप संगणकावरची कामं ठरल्या वेळी आपोआप करून देण्याचं सॉफ्टवेअर विकणारे महाशय

विषय: तुमची फुकट चाचणी, तुमची विक्री आणि तुमची हिरवी खूण

महाशय,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्हाला एकटीनं लिहिलेली पत्रं तुमच्या यंत्रानं वाचली आणि यंत्रानंच त्यांना उत्तरं दिली. प्रत्येक उत्तराखाली ‘तुमची अडचण सुटली का?’ असं विचारून पाच तारे पुढे केले होते. सुटली नाही. ती कशी निर्माण झाली ते आता सविस्तर वाचा. वाचायला तुमच्याकडचा एखादा माणूस बसवा.

मी चेंबूरला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात हिशेबाची कामं करते. काही औषधांची दुकानं, टिळक नगर आणि पेस्तम सागरमधल्या गृहनिर्माण संस्था, एक-दोन छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. महिना कसा काढायचा हे माझ्या हातात नसतं. 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला जीएसटीआर-3बी, महिनाअखेरीला व्यवसाय कर. 3बी एक दिवस लांबला की 50 रुपये विलंब शुल्क, कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला 18 टक्के व्याज. या तारखा मला तोंडपाठ आहेत, त्यासाठी मला तुमची गरज नव्हती. गरज होती ती रात्रीसाठी. मी शटर ओढून घरी गेले की संगणकानं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायची, दुसरी सर्व्हरवर चढवायची आणि मग बंद व्हायचं. रोज. न चुकता.

हे मी हौसेनं करत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कंपन्यांच्या हिशेबांचे नियम बदलले. आधी भारतातल्या सर्व्हरवर वह्यांची प्रत ठरावीक काळानं ठेवली तरी चालत असे. आता ती तिथे रोज ठेवावी लागते. एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिलीच पाहिजे, ती बंद करता येत नाही. थोडक्यात, माझ्यासारख्या एका गाळ्यात बसून काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावरही रात्रीच्या प्रतीची जबाबदारी या नियमांमुळे येऊन बसली आहे. अशाच माणसांना तुम्ही गाठता. आमची नड तुम्हाला नेमकी ठाऊक आहे.

तुमची चाचणी ‘पूर्ण मोफत’ होती. पहिलं काम लावण्याआधीच तुम्ही कार्डाचा नंबर मागितलात. कशासाठी? ‘फक्त पडताळणी’. त्या पडताळणीच्या ओटीपीवर तुम्ही दर वर्षी आपोआप पैसे कापून घेण्याची संमती नोंदवून टाकलीत. फुकट द्यायच्या वस्तूसाठी कार्ड कशाला लागतं, हा प्रश्न तुमच्या मदतकेंद्राला विचारला तेव्हा उत्तर आलं की त्यामुळे ‘सेवा खंडित होत नाही’. सेवा कुणाची, महाशय? खंडित होत नाही ती तुमची वसुली.

मग तो पडदा आला. तुमच्या चित्रकारानं तो मन लावून काढला असणार, म्हणून मीही तो नीट वर्णन करते. मधोमध हिरवं बटण: ‘माझा डेटा सुरक्षित करा’. त्याच्या खाली, फिक्या करड्या अक्षरांत, पांढऱ्यावर जेमतेम दिसेल अशी ओळ: ‘नको, मला डेटा गमावण्याची जोखीम चालेल’. नकार द्यायचा तर आधी स्वतःला बेजबाबदार म्हणवून घ्यायचं. वर उजव्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, सवलतीचे इतके तास उरले, इतकी मिनिटं उरली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तेच घड्याळ पुन्हा पहिल्यापासून पळायला लागलं होतं. दर पहिल्या पानावर एक, तिसऱ्या पानावर जीएसटी धरून दुसरा, आणि पैसे भरायच्या पानावर ‘सेटअप साहाय्य’ नावाची रक्कम आपली आपण येऊन बसलेली. चौकटीतली खूण काढली तेव्हा ती गेली. खूण मी केलेली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. चाचणीच्या काळात तुमचं सॉफ्टवेअर चांगलं चाललं. मी हे कबूल करते आणि ठामपणे सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. काम फसलं की लाल अक्षरांत मेल यायची, कारणासकट. डिस्क भरली असेल, नेट गेलं असेल, जे असेल ते सकाळी गाळ्यात पाऊल टाकण्याआधी कळायचं. मी पैसे भरले ते या लाल मेलसाठी. वेळेवर काम सुरू करणं कुठल्याही घड्याळाला जमतं. काम झालं नाही हे सांगणं म्हणजे खरी वस्तू. मी तुमची ‘बेसिक’ योजना घेतली आणि त्या दिवसापासून लाल मेल थांबली. ती ‘प्रोफेशनल’ योजनेत होती. ती काढून घेतली आहे, असं तुम्ही कुठेही, कधीही, एका ओळीनंही सांगितलं नाही. माझ्याकडे लाल मेल येत नव्हती, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे, असाच त्याचा अर्थ. तुम्हीच चाचणीच्या काळात तो अर्थ मला शिकवला होता.

स्टेशन रोडवरचा मिक्सरवाला दुकानात प्लग लावून मिक्सर फिरवून दाखवतो आणि तोच मिक्सर खोक्यात भरून देतो. पाती काढून घेऊन खोकं बांधत नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे वीज एका संध्याकाळी दोन-तीनदा गेली आणि आली. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा विंडोजनं बाहेरच्या डिस्कला वेगळं अक्षर दिलं: काल ई होती, आज एफ झाली. हे नवीन नाही. डेस्कटॉपवर दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असला, डिस्क काढून घातली, की असं घडतं, आणि प्रत काढण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. त्या रात्रीपासून प्रत काढण्याची आज्ञा ई शोधत राहिली, तिला ई सापडली नाही आणि ती लगेच माघारी फिरली. सर्व्हरवर चढणारी प्रतही त्याच डिस्कवरच्या फोल्डरमधून जायची, त्यामुळे तीही चढली नाही.

आणि तुमच्या यादीत त्या कामासमोर रोज हिरवी खूण उमटत राहिली.

मी नंतर तुमच्या नोंदवहीत शिरून पाहिलं. कुठलाही प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो, त्याला एक्झिट कोड म्हणतात. साधारणपणे शून्य म्हणजे काम नीट झालं, दुसरं काही असेल तर काहीतरी बिघडलं. त्यातही खाचाखोचा आहेत. विंडोजबरोबर येणारी आणि मी लावलेली रोबोकॉपी ही प्रत काढण्याची आज्ञा फायली नीट उतरल्या की 1 देते. तिचे 8 आणि त्यावरचे आकडे म्हणजे बिघाड. ज्याला वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायचं आहे त्यानं एवढा अभ्यास केलेला असावा, ही अपेक्षा जास्त नाही. माझ्या नोंदवहीत रोज 16 होता. रोबोकॉपीचा 16 म्हणजे एकही फाईल उतरली नाही, गंभीर चूक. तुमच्या सॉफ्टवेअरनं तो 16 टिपून ठेवला होता, व्यवस्थित तारीख-वेळेसकट. म्हणजे त्याला माहीत होतं. ‘बेसिक’ योजनेत हिरवी खूण कशाची असते, तर काम ठरल्या वेळी सुरू झालं एवढ्याची. पूर्ण झालं की नाही ते पाहण्याचे पैसे वेगळे. हे तुमच्या मदतकेंद्रानं मला लेखी कळवलं आहे आणि ते पत्र मी जपून ठेवलं आहे. तुमच्या जाहिरातीत म्हटलं आहे, ‘एकदा लावा आणि विसरा’. यातला विसरण्याचा भाग तुम्ही शब्दशः पाळलात.

काही आठवड्यांनी संगणकातली डिस्क गेली. नवी बसवली, प्रत काढायला घेतली, तर शेवटची प्रत पावसाच्या आधीची. एका औषध दुकानाची रोजची शे-दीडशे बिलं, प्रत्येकात तीन-चार ओळी, बॅच नंबरसकट. त्या दुकानाचा मालक काही बोलला नाही. त्यानं बिलांच्या फायली पिशव्यांत भरून आणून दिल्या आणि रात्री दुकान बंद केल्यावर माझ्यासमोर बसून बॅच नंबर वाचून दाखवले. त्याचा 3बी वेळेत गेला. एका कंपनीच्या वह्यांना मधले कित्येक दिवस रोजची प्रत नाही, हे मला तिच्या लेखापरीक्षकाला सांगावं लागलं. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून घेणं त्यांचं कामच आहे.

मी तुम्हाला पैसे परत मागितले. तुम्ही म्हणालात, तुम्ही चाचणी वापरली आहे, त्यामुळे वस्तू तुम्हाला पसंत होती असं मानलं जाईल. चाचणी ज्या वस्तूची दिली ती वस्तू विकलीच नाही, हे मी तीन निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिलं. पाच तारे आले. योजना रद्द करायला गेले तर रद्द करण्याचं बटण कुठेच नाही. फोन करायचा, तोही परदेशातल्या कार्यालयाच्या वेळेत, म्हणजे इथल्या मध्यरात्री. विकत घेताना मात्र दिवसाचे चोवीस तास तुमचं दार उघडं होतं. शेवटी मी बँकेत जाऊन ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापण्याची ती संमती, रद्द केलं. रिझर्व्ह बँकेनं ती सोय ठेवली आहे: ऑक्टोबर 2021 पासून आपोआप पैसे कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं आणि संमती काढून घेता येते. बँकेचा असा मेसेज मला आलाही, पण त्यात नाव तुमचं नव्हतं, पैसे गोळा करणाऱ्या भलत्याच कंपनीचं होतं. जून 2022 पासून 15,000 रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी नवा ओटीपी लागत नाही. तुमचा वार्षिक दर त्याच्या बराच आत आहे. योगायोग म्हणायला मी तयार नाही.

मँडेट रद्द केल्यावर तुम्ही माझी कामांची यादी कुलूपबंद केलीत. कोणती आज्ञा, किती वाजता, कोणत्या फोल्डरवर, कोणत्या दिवशी वगळायची, हे सगळं मी तासन् तास बसून लिहिलेलं होतं. ते तुम्ही तुमच्याच गुप्त स्वरूपात ठेवता आणि बाहेर काढून देत नाही. पैसे भरले नाहीत तर तुमचं सॉफ्टवेअर चालवू नका, ठीक आहे. पण माझ्या कामाचं वेळापत्रक माझं आहे. ते तुमच्याकडे गहाण ठेवायला मी दिलं नव्हतं.

तुम्ही जे केलंत त्याला आपल्याकडे आता कायद्यात नावं आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या रचनेविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात 13 प्रकार आहेत. फुकट सेवेसाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप पैसे कापण्याची संमती द्यायला भाग पाडणं आणि रद्द करण्याची वाट लपवणं, दोन्ही त्यातल्या वर्गणीच्या सापळ्यात येतात. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, दर थेंबाथेंबानं उघड करणं, हे प्रकारही त्यात आहेत. सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे पैसे गुपचूप उकळण्याला तर त्यात स्वतंत्र जागा दिली आहे. तुमचा पैसे भरायचा पडदा या यादीवरून बनवला आहे, इतका तो तिच्याशी जुळतो.

‘हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं तुमचा वकील म्हणेल, तर त्याचंही उत्तर देऊन ठेवते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यावसायिक धरली जात नाही. ‘आमचं कार्यालय तुमच्या शहरात नाही’ म्हणेल, तर 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. चेंबूर मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं आणि उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग बांद्रा पूर्वेला आहे. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो, मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावण्याची सक्ती नाही. आणि आम्ही या मुंबईतल्या बायका आहोत. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि तिच्यातून इथल्या बायकांनी गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र घेतलं, स्वतः वाटून घेतलं आणि वजनामापाचा हिशेब मागितला. हिशेब मागण्याची सवय आमच्या घरात आहे, माझ्या तर धंद्यातच आहे.

पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याला माझा विरोध आहे असा समज करून घेऊ नका. टॅलीचे पैसे मी दर वेळी भरते. ज्यानं रात्री जागून प्रोग्राम लिहिला त्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि ज्यांच्याकडे पन्नास संगणक आहेत, एक काम संपल्यावर दुसरं, ते फसलं तर तिसरं, अशा साखळ्या आहेत त्यांना विकतचं सॉफ्टवेअर लागतं. प्रामाणिक विक्रेते आहेतही: कार्ड न मागता महिनाभर वापरू देतात, मुदत संपली की पडदाभर सूचना देऊन थांबतात, आणि कामांची यादी फाईल करून हातात देतात. तुम्ही त्यांच्या पोटावरही पाय देता आहात. तुमच्याकडे पोळलेला माणूस पुढच्या भल्या विक्रेत्याचीही चाचणी घेत नाही.

पण एका डेस्कटॉपच्या रात्रीच्या प्रतीसाठी जे लागतं ते त्या डेस्कटॉपमध्ये आधीपासूनच असतं, ही गोष्ट तुम्ही तुमच्या तुलनेच्या तक्त्यात दडवून ठेवता. युनिक्सवर क्रॉन 1970 च्या दशकापासून आहे. विंडोज 95 च्या वेळी ही सोय ‘प्लस’ नावाच्या वेगळ्या पुरवणीत विकत मिळायची. विंडोज 98 पासून टास्क शेड्यूलर विंडोजबरोबरच येतो आणि 2007 च्या व्हिस्टामध्ये तो नव्यानं लिहिला गेला. मी आता तोच वापरते. जे हे पत्र वाचून तुमच्या हिरव्या बटणापाशी थांबले असतील त्यांच्यासाठी सांगते: स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्यूलर’ लिहिलं की तो उघडतो. ‘वापरकर्ता लॉग-इन असो वा नसो, काम चालवा’ हा पर्याय निवडा. ‘ठरलेली वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ ही चौकट सेटिंग्जमध्ये असते आणि ती आपण होऊन लावलेली नसते. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा ती लावा. बाहेरच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन वर्णमालेतलं शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं द्या, म्हणजे पेनड्राइव्ह ते पळवणार नाही. सकाळी ‘लास्ट रन रिझल्ट’चा रकाना बघा, तिथे षोडशमान पद्धतीनं आकडा येतो, 0एक्स0 म्हणजे शून्य, 0एक्स10 म्हणजे माझा तो 16. आणि उजव्या बाजूच्या ‘एक्सपोर्ट’वर दाबलं की तुमचं काम साध्या एक्सएमएल फाईलमध्ये बाहेर येतं. नवा संगणक घेतलात तर तीच फाईल तिथे चढवा. लाल मेलची उणीव भरायला मी चार ओळींची एक बॅच फाईल लिहून घेतली आहे: आकडा 8 किंवा जास्त आला की ती डेस्कटॉपवर ‘प्रत झाली नाही’ नावाची फाईल ठेवते. जिच्यासाठी तुम्ही वरच्या योजनेचे पैसे मागता ती गोष्ट एवढीच आहे.

आता माझ्या मागण्या. माझे पूर्ण पैसे, जीएसटीसकट, ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर परत करा. माझी कामांची यादी वाचता येईल अशा फाईलमध्ये पाठवा. काम फसल्याची सूचना प्रत्येक योजनेत द्या, सगळ्यात स्वस्त योजनेतही. ती देणार नसाल तर हिरवी खूण काढून टाका आणि तिथे ‘सुरू झालं, पुढचं आम्ही पाहिलं नाही’ असं स्पष्ट लिहा. चाचणीसाठी कार्ड मागणं बंद करा. विकत घेण्याचं बटण ज्या पानावर आहे त्याच पानावर, त्याच आकारात, रद्द करण्याचं बटण ठेवा. आणि ज्यांनी ‘बेसिक’ योजना घेतली आहे त्या सर्वांना आजच कळवा की हिरव्या खुणेवर विसंबू नका, नोंदवही उघडून आकडा तपासा. ही शेवटची मागणी माझ्या पैशांपेक्षा तातडीची आहे. आत्ता कुठल्यातरी गाळ्यात कुणाची तरी प्रत निघत नाही आहे आणि तिथे तुमची हिरवी खूण उमटते आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. मदतकेंद्राच्या उत्तरांच्या प्रती, बँकेचा मेसेज, नोंदवहीची पानं आणि त्या पडद्याची छायाचित्रं जोडून हेच पत्र नोटीस म्हणून स्पीड पोस्टानं तुमच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवते आहे. उत्तरासाठी 15 दिवस देते. त्यानंतर आयोगाकडे अर्ज जाईल.

चेंबूरच्या एका गाळ्यातली
हिशेबनीस